अमेरिकेतल्या सगळ्या बँका बंद होत्या तेव्हा

४ मार्च १९३३, शनिवार. फ्रँकलिन रूझवेल्ट त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेणार होते. त्याच दिवशी पहाटे न्यू यॉर्क आणि इलिनॉय या दोन राज्यांच्या गव्हर्नरांनी आपापल्या राज्यातल्या बँका बंद ठेवण्याचे हुकूम काढले. न्यू यॉर्क म्हणजे देशाच्या पैशाचे मुख्य ठाणे आणि इलिनॉयमधले शिकागो म्हणजे धान्याच्या व मांसाच्या व्यापाराची राजधानी. इतर बहुतेक राज्यांत त्याआधीच बँकांना टाळे तरी लागले होते किंवा पैसे काढण्यावर मर्यादा तरी आली होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात माणसाला स्वतःच्या खात्यातले दहा डॉलर हाती पडतील की नाही याची खात्री उरली नव्हती. दोनच दिवसांनी, सोमवारी, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने देशातली झाडून सारी बँका-बाजारपेठ बंद झाली.

या घटनेची हकिगत सांगताना अफवा, घबराट, झुंडीचे वेड हे शब्द हमखास येतात. बँकेच्या दारात रांग लावणारी माणसे अडाणी होती, त्यांनी धीर धरला असता तर काही बिघडले नसते, असा त्यातला सूर असतो. मला तो सूर अन्यायाचा वाटतो. त्या माणसांनी आधीची तीन वर्षे जे पाहिले होते ते ध्यानात घेतले, तर रांगेत उभे राहण्यातच शहाणपण होते. आणि या संकटातून कायमची वाट निघाली ती या साध्या ठेवीदारांची जुनी मागणी अखेर मान्य झाली म्हणून. मोठे बँकवाले तिच्या विरोधात होते आणि रूझवेल्ट स्वतःसुद्धा.

बँकेचा व्यवहार मुळात नाजूक. ती ठेवी घेते त्या मागता क्षणी परत करण्याच्या बोलीवर, आणि तोच पैसा शेतकऱ्याला, दुकानदाराला, घर बांधणाऱ्याला वर्षांच्या मुदतीने देऊन टाकते. तिजोरीत रोकड राहते ती एकूण ठेवींचा लहानसा हिस्सा. रोजच्या दिवशी काही लोक पैसे काढतात, काही भरतात, आणि गाडी चालते. पण सगळ्यांनी एकाच सकाळी पैसे मागितले, तर सचोटीने चालवलेली बँकही ते देऊ शकत नाही. ज्यांचा नंबर आधी लागतो त्यांना पूर्ण पैसे मिळतात, आणि खिडकी बंद होताना मागे राहिलेल्यांना अवसायकाच्या दारात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. म्हणजे बँक चांगली आहे असे मला स्वतःला वाटत असले, तरी शेजारी पैसे काढायला निघाला आहे असे कळल्यावर मीही निघणे भाग आहे. प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर वागतो आणि सगळे मिळून बुडतात. हा दोष माणसांच्या अकलेत नव्हता, व्यवस्थेच्या बांधणीत होता.

अमेरिकेत ही बांधणी आणखीच कच्ची होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१च्या सुमारास, त्या देशात जवळपास ३०,००० बँका होत्या. पुष्कळ राज्यांच्या कायद्यांनी बँकांना शाखा काढायला मनाई केली होती किंवा त्यावर कडक बंधने घातली होती. मोठ्या शहरांतल्या सावकारांनी गावोगावचा पैसा ओढून नेऊ नये, गावची बँक गावाचीच असावी, ही त्यामागची भावना. भावना समजण्यासारखी होती. पण कापसावर जगणाऱ्या तालुक्यातल्या एकुलत्या बँकेची सगळी कर्जे कापूसवाल्यांनाच दिलेली असत. भाव पडला की शेतकरी, दुकानदार आणि बँक एकाच हंगामात बसत. महायुद्धाच्या काळात युरोपला धान्य पुरवताना शेतमालाचे भाव चढले, जमिनीच्या किमती चढल्या, त्या किमतींवर कर्जे काढली गेली. १९२० नंतर भाव कोसळले आणि कर्जे मात्र तशीच राहिली. शहरांत जॅझ, मोटारगाड्या आणि शेअरबाजाराची धूम चालू होती त्याच दशकात, १९२१ ते १९२९ या काळात, पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या. बहुतेक लहान गावांतल्या. शहरी वर्तमानपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही.

शेजारच्या कॅनडाकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. तिथे मोजक्या मोठ्या बँका होत्या आणि त्यांच्या शाखा देशभर पसरलेल्या. गव्हाच्या पट्ट्यातले नुकसान त्यांना इतर प्रांतांतल्या कमाईतून भरून काढता येई. तिथे १९२३मध्ये एक बँक बुडाली, पण मंदीच्या साऱ्या काळात एकही नाही. मंदीने कॅनडालाही होरपळलेच होते.

ऑक्टोबर १९२९मध्ये न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्याने लगेच बँका बुडाल्या असा एक समज आहे, पण तसे झाले नाही. बँकांची पहिली मोठी पडझड वर्षभराने, १९३०च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आली. टेनेसीतल्या नॅशव्हिलची कॉल्डवेल अँड कंपनी ही मोठी पेढी पडली आणि तिच्या जाळ्यातल्या दक्षिणेकडच्या बँका धडाधड गेल्या. मग ११ डिसेंबरला न्यू यॉर्क शहरात बँक ऑफ युनायटेड स्टेट्स बंद झाली. नाव असे असले तरी ती सरकारी नव्हती, एक खासगी व्यापारी बँक होती. कपड्यांच्या कारखान्यांत राबणारे, फेरीचा धंदा करणारे, पूर्व युरोपातून आलेले ज्यू निर्वासित तिचे मुख्य ठेवीदार. नव्या देशात आलेल्या कित्येकांना त्या नावामुळे ती सरकारचीच वाटे. आदल्या दिवशी ब्राँक्समधल्या एका शाखेसमोर गर्दी जमली. एका छोट्या व्यापाऱ्याने आपले बँकेतले शेअर विकायचे म्हटले, अधिकाऱ्यांनी त्याला ते न विकण्याचा सल्ला दिला, आणि बँक शेअर परत घेत नाही अशी बातमी पसरली, असे सांगतात. दुपारपर्यंत रस्ता माणसांनी भरला. सुमारे चार लाख ठेवीदारांची ती बँक अमेरिकेच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी बुडालेली बँक ठरली. शहरातल्या बड्या बँकांनी तिला हात द्यावा म्हणून राज्याचे बँक अधीक्षक जोसेफ ब्रॉडरिक यांनी रात्री उशिरापर्यंत विनवण्या केल्या. त्या बँकांनी नकार दिला. बँकेचे प्रमुख पुढे गैरव्यवहारासाठी तुरुंगात गेले हे खरे, पण ठेवीदारांनी काय गुन्हा केला होता?

त्याच वर्षी जुलैअखेर शिकागोत आणखी एक बँक बंद पडली. आकाराने ती कितीतरी लहान, पण तिचे जाणे मला अधिक जिव्हारी लागते. जेसी बिंगा हे कृष्णवर्णीय उद्योजक. दक्षिणेतल्या जाचातून सुटून शिकागोच्या दक्षिण भागात आलेल्या हजारो काळ्या कुटुंबांना गोऱ्यांच्या बँका उभे करत नसत, तेव्हा बिंगांची बँक त्यांना कर्ज देई आणि घर घ्यायला मदत करी. गोऱ्या वस्तीत राहायला गेल्याबद्दल बिंगांच्या घरावर अनेकदा बॉम्ब टाकले गेले होते. पण या बँकेचा पैसा ज्या घरांवर दिलेला होता ती सगळी एकाच वस्तीतली, आणि कारखान्यांतून कामगार कमी करताना त्या वस्तीतली माणसे पहिल्यांदा काढली जात. हप्ते थकले, बँक संपली. मोलमजुरी करून, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून साठवलेला पैसा गेला. बिंगांनाही पुढे अफरातफरीच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्यांनी एका चर्चमध्ये झाडलोटीचे काम केले.

१९३० साली साधारण १,३५० बँका बंद पडल्या, १९३१मध्ये जवळपास २,३००, आणि १९३२मध्ये आणखी सुमारे १,४५०. सामान्य माणसाने यातून एकच धडा घेतला, की पैसा बँकेत ठेवायचा नाही, आणि तो बरोबर होता. पोस्टाच्या बचत खात्यावर व्याज अवघे दोन टक्के, ठेवीची कमाल मर्यादाही २,५०० डॉलरची. पण मागे सरकार उभे होते. तेव्हा पोस्टातल्या ठेवी १९२९ ते १९३३ या काळात अनेक पटींनी वाढल्या आणि अब्ज डॉलरच्या पलीकडे गेल्या. कुणी नोटा गादीत शिवल्या, कुणी बरण्यांत भरून परसात पुरल्या. सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडले तेव्हा उद्या अमेरिकाही सोडेल म्हणून लोकांनी सोन्याची नाणी काढून घ्यायला सुरुवात केली. बँकांना पैशाची सर्वांत जास्त निकड असलेल्या त्या क्षणी मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, सोने बाहेर जाऊ नये म्हणून व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला. त्या काळच्या चुकांत ही चूक मला अक्षम्य वाटते. देशांतर्गत माणसे बुडत असताना तिने परदेशी सावकारांचा विश्वास जपायचे ठरवले.

वॉशिंग्टन राज्यात टेनिनो नावाचे एक छोटे गाव आहे. तिथली एकमेव बँक डिसेंबर १९३१मध्ये बंद झाली आणि गावात व्यवहाराला पैसाच उरला नाही. मालक होते, गिऱ्हाईक होते, माल होता, चलन तेवढे नव्हते. गावच्या व्यापारी मंडळाने ठेवीदारांच्या अडकलेल्या ठेवींच्या आधारावर स्वतःचे चलन काढले, आणि पुढे ते लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर छापले. पाव डॉलर, अर्धा डॉलर, एक डॉलर. दुकानदारांनी ते घेतले. लाकडी पैशाची बातमी देशभर झाली, संग्राहकांनी त्यातले बरेच विकत घेऊन जपून ठेवले आणि ते वटवायला कधी आलेच नाही. मला यात गंमत दिसत नाही, त्या गावकऱ्यांची हुशारी दिसते. पैसा म्हणजे परस्परांवरचा भरवसा, हे पुस्तकातले वाक्य त्यांनी करून दाखवले होते.

हा भरवसा वरच्या लोकांनी मात्र उधळून लावला. फेब्रुवारी १९३३मध्ये सिनेटच्या समितीसमोर वॉल स्ट्रीटची चौकशी चालू होती. तिचे वकील फर्डिनंड पेकोरा हे सिसिलीहून लहानपणी आलेले, न्यू यॉर्कमध्ये वाढलेले. त्यांनी नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांना साक्षीला उभे केले. अमाप उत्पन्न असूनही १९२९ साली त्यांनी प्राप्तिकर भरला नव्हता. आपले शेअर तोट्यात पत्नीला विकल्याचे दाखवून त्यांनी उत्पन्न पुसून टाकले होते. त्यांच्याच बँकेच्या उपकंपनीने लॅटिन अमेरिकेतल्या दिवाळखोरीच्या वाटेवरच्या सरकारांचे कर्जरोखे भाबड्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात घातले होते. देशात चौघांतला एक कामगार बेकार असताना हे रोज पहिल्या पानावर छापून येत होते. मिचेलना राजीनामा द्यावा लागला. ज्या माणसाने हे वाचले त्याने दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पैसे काढले, तर त्याला घाबरट कसे म्हणायचे?

शेवटची घसरण राज्याराज्यांतून झाली. नेवाडाने १९३२च्या शरदातच बँकांना सक्तीची सुट्टी दिली होती. लुइझियानात, न्यू ऑर्लिन्सच्या एका बँकेला शनिवारचा एक दिवस निभावून नेण्याची गरज होती. राज्याचे अनभिषिक्त राजे सिनेटर ह्युई लाँग यांनी ४ फेब्रुवारी १९३३ची सार्वजनिक सुट्टी जाहीर करवली. निमित्त दिले ते १९१७ साली जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडल्याच्या स्मरणाचे. तेवढ्या वेळात सोमवारपर्यंत पैशाची सोय झाली. मिशिगनमध्ये मात्र अशी क्लृप्ती चालणार नव्हती. तिथे डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांवर उभी राहिलेली दोन मोठी बँकसमूहांची साम्राज्ये खचत होती. त्यांतल्या एका संस्थेला सरकारी कर्ज हवे होते, आणि त्यासाठी हेन्री फोर्ड यांनी आपल्या प्रचंड ठेवी काही काळ मागे ठेवायला मान्यता देणे आवश्यक होते. फोर्ड नाही म्हणाले. मिशिगनचेच सिनेटर जेम्स कझन्स, एके काळचे फोर्ड यांचे भागीदार, यांचा पुरेसे तारण न घेता सरकारी पैसा देण्याला विरोध होता. १४ फेब्रुवारीच्या पहाटे गव्हर्नर कॉमस्टॉक यांनी राज्यातल्या सगळ्या बँका आठ दिवसांसाठी बंद केल्या. मग इंडियाना, मेरीलँड, ओहायो अशी राज्ये एकामागून एक. एका राज्यात बँका बंद झाल्या की तिथल्या कंपन्या दुसऱ्या राज्यातल्या ठेवी काढत, आणि तिथलीही बाजू ढासळे.

राज्य कोणाचे, हाही प्रश्न होता. निवडणूक नोव्हेंबरात झालेली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शपथविधी मार्चमध्ये, म्हणजे मधे चार महिने. हरलेले राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी १८ फेब्रुवारीच्या सुमारास रूझवेल्टना स्वहस्ते पत्र लिहिले: अंदाजपत्रक समतोल ठेवू, चलनाचे मूल्य कमी करणार नाही, असे जाहीर करा म्हणजे लोकांचा धीर परतेल. ते मान्य करणे म्हणजे स्वतःचा निवडणुकीतला कार्यक्रम गुंडाळणे. रूझवेल्टनी बराच काळ उत्तरच दिले नाही. अधिकार हाती येईपर्यंत जबाबदारी घ्यायची नाही असे त्यांनी ठरवले होते. दोघांचीही कारणे राजकारणाच्या हिशेबात समजतात. पण त्या पंधरवड्यात ज्यांच्या ठेवी गोठल्या त्यांच्या बाजूने पाहिले, तर दोघांपैकी कोणालाही मोकळे सोडता येत नाही. शपथविधी २० जानेवारीला आणणारी घटनादुरुस्ती तेव्हा नुकतीच संमत झाली होती, पण ती पुढच्या वेळेपासून लागू व्हायची होती.

सोमवारी, ६ मार्चच्या पहाटे, रूझवेल्टनी देशव्यापी बँकबंदीचा हुकूम काढला. त्यासाठी कायद्याचा आधार शोधला तो १९१७च्या, शत्रूराष्ट्रांशी व्यापार रोखण्याच्या युद्धकालीन कायद्यात. पहिले चार दिवस देश उधारीवर चालला. कोपऱ्यावरच्या वाण्याने वहीत मांडून किराणा दिला. शहरांत चिल्लर मिळेना. डाऊ केमिकल कंपनीने कामगारांसाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची नाणी पाडली. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौशी मुष्टियुद्धाच्या सामन्यांना तिकिटाच्या बदल्यात अर्ध्या डॉलरची कुठलीही वस्तू चालेल असे जाहीर झाले. नवल म्हणजे देशात दंगे झाले नाहीत. सगळ्यांचेच पैसे एकदम अडकले होते, आणि कोणीतरी काहीतरी करतो आहे असे तीन वर्षांत पहिल्यांदा दिसत होते.

पडद्याआड वित्तखात्यात जे घडले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हूव्हर यांचे वित्तमंत्री ऑग्डेन मिल्स आणि उपमंत्री आर्थर बॅलंटाइन यांची मुदत संपली होती, पक्ष हरला होता. तरी ते आपल्या टेबलांवर बसून राहिले आणि नवे वित्तमंत्री विल्यम वुडिन यांच्यासोबत रात्रंदिवस काम करत राहिले. कायद्याचा मसुदा, बँकांची वर्गवारी, नव्या नोटांची योजना यांतले बरेच जुन्या सरकारच्याच कागदपत्रांतून आले. गुरुवारी, ९ मार्चला, काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, खास अधिवेशन भरले. विधेयकाच्या पुरेशा प्रतीही छापून झाल्या नव्हत्या. प्रतिनिधिगृहाने चाळीसेक मिनिटांच्या चर्चेत ते मंजूर केले, सिनेटने संध्याकाळी, आणि रात्री त्यावर सही झाली. तपासणीत ज्या बँका भक्कम ठरतील त्यांना परवाना मिळेल, त्यांना लागेल तेवढी रोकड फेडरल रिझर्व्ह पुरवील, डळमळीत बँकांवर सरकारी व्यवस्थापक नेमला जाईल आणि गरज पडल्यास सरकारी महामंडळ त्यांच्या भांडवलात पैसे घालील. सरकारी छापखाना अहोरात्र चालू झाला.

आठवड्याभरात हजारो बँका नीट तपासणे अशक्यच होते. काही निर्णय अंदाजाने झाले. कॅलिफोर्नियात इटालियन भाजीविक्रेत्यांपासून ते शेतकऱ्यांपर्यंत लाखो लहान खातेदार असलेली बँक ऑफ अमेरिका उघडू नये, असे सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख म्हणत होते. वुडिन यांनी ते धुडकावून परवाना दिला. ती बंद राहिली असती तर त्या राज्याचे काय झाले असते, याचा विचारही नको.

मग रविवारी, १२ मार्चला, रात्री दहा वाजता रूझवेल्ट रेडिओवर बोलले. १९३०च्या जनगणनेत चाळीस टक्के घरांत रेडिओ होता, आणि तीन वर्षांत तो आकडा पुष्कळ वाढला होता. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरी जमून ऐकले. श्रोत्यांचा अंदाज सहा कोटींच्या घरात केला जातो. भाषण चौदा मिनिटांच्या आतबाहेरचे. त्यात आश्वासनांचा पाऊस नव्हता. बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, तो कर्जाऊ दिला जातो, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग बंदी का घातली, उद्या कोणत्या शहरांत बँका उघडतील, परवा कोणत्या, तुमची बँक पहिल्या दिवशी उघडली नाही तर ती बुडाली असे का समजू नये, हे क्रमाने सांगितले. सगळ्याच बँका उघडणार नाहीत आणि काहींचे नुकसान होईल, हेही लपवले नाही. आणि लोकांनी घाबरून जे केले त्याबद्दल त्यांना दटावले नाही; काही बँकवाले नालायक किंवा अप्रामाणिक निघाले हे मोकळेपणाने मान्य केले. मसुदा लिहिण्यात बॅलंटाइन यांचा हात होता, म्हणजे हरलेल्या पक्षाच्या माणसाचे शब्द जिंकलेल्या पक्षाच्या नेत्याच्या आवाजात देशाने ऐकले. विनोदकार विल रॉजर्स यांनी नंतर लिहिले, की राष्ट्राध्यक्षांनी बँकिंग इतके सोपे करून सांगितले की ते बँकवाल्यांनाही कळले.

त्या भाषणाचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. तरी केवळ आवाजाच्या जादूने पैसे परत आले असे मानणे अपुरे आहे. हूव्हर यांनीही तीन वर्षे धीराची भाषणे केली होती. आता फरक असा होता, की शब्दांमागे कायदा होता आणि कायद्यामागे छापखान्यातून निघालेल्या नोटा होत्या. उघडलेल्या बँकेला रोकड कमी पडू देणार नाही असे सरकारने एकदा बांधून घेतले, की आधी नंबर लावण्याचे कारणच उरत नाही. सोमवारी १३ मार्चला फेडरल रिझर्व्हच्या बारा शहरांत बँका उघडल्या. पुन्हा रांगा लागल्या, पण या वेळी माणसे पैसे भरायला आली होती. सोने परत न करणाऱ्यांची नावे जाहीर करण्याचा इशारा दिला गेल्यामुळे पिशव्यांतून, पेट्यांतून सोन्याची नाणी येऊन पडू लागली. बुधवारी शेअरबाजार उघडला आणि निर्देशांक एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त चढला. टक्केवारीत एवढी एका दिवसाची वाढ तिथे ना आधी झाली होती, ना नंतर झाली. महिन्याभरात बारा हजारांहून अधिक बँका पुन्हा चालू झाल्या. चार हजारांवर बँका मात्र परवान्याविना राहिल्या आणि त्यांतल्या बऱ्याच कायमच्या मिटल्या. १९३० ते १९३३ या चार वर्षांत ठेवीदारांचे सुमारे १३० कोटी डॉलर बुडाले. आनंदाच्या त्या बातम्यांत या माणसांचा उल्लेख फार थोडा येतो.

एवढ्यावर भागणार नव्हते. राष्ट्राध्यक्षाची सही आणि शब्द एका आठवड्याला पुरले, पुढच्या संकटाचे काय? ठेवींना विमा द्या ही मागणी नवी नव्हती. १८८६पासून अशी दीडशेच्या आसपास विधेयके काँग्रेसमध्ये मांडली गेली होती. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का अशा आठ राज्यांनी १९०७नंतर आपापल्या हमी-योजना काढून पाहिल्या आणि त्या सगळ्या १९३०पर्यंत कोसळल्या होत्या, कारण शेतीचे भाव पडले की राज्यातल्या सगळ्याच बँका एकदम अडचणीत येत आणि हमीचा निधीही त्यांच्यासोबत आटे. मोठ्या बँकांचे म्हणणे होते, की चांगल्या बँकेने भरलेल्या वर्गणीतून निष्काळजी बँकेचे ठेवीदार का पोसायचे? ठेवीला हमी असली की ठेवीदार बँक पारखून घेणार नाही आणि बँकवाला बेफाम कर्जे वाटेल. रूझवेल्टही याच मताचे होते आणि कायद्यावर सही न करण्याची भाषा बोलत होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या गृहकर्ज देणाऱ्या बचतसंस्थांनी हमी असलेल्या ठेवींवर जुगार खेळून सरकारी खजिन्याला मोठे खिंडार पाडले, तेव्हा तो खराही ठरला.

पण १९३३च्या वसंतात खासदारांच्या टेबलांवर पत्रांचे ढीग पडत होते, ते ठेवीदारांचे. अलाबामाचे प्रतिनिधी हेन्री स्टीगल हे लहान गावांतल्या बँकांचे कैवारी. विमा असेल तर माणसे गावची बँक सोडून शहराकडे धावणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. व्हर्जिनियाचे सिनेटर कार्टर ग्लास यांना बँकांनी ठेवींच्या पैशावर शेअरांचा धंदा करू नये, एवढे हवे होते. दोघांची देवघेव झाली. मिशिगनचे सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग विरोधी पक्षाचे, पण डेट्रॉइटचे हाल पाहिलेले. विमा लगेच लागू झाला पाहिजे ही दुरुस्ती त्यांनी घातली. १६ जून १९३३ला रूझवेल्टनी सही केली. १ जानेवारी १९३४पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला हमी मिळाली आणि सहा महिन्यांत ती ५,००० झाली. आदल्या वर्षी चार हजार बँका गेल्या होत्या. १९३४ या साऱ्या वर्षात विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या.

भारतात हे छत्र यायला आणखी अठ्ठावीस वर्षे लागली, आणि तेही बँका बुडाल्यावरच. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बंद पडल्या. पाठोपाठ १९६१चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२पासून दर ठेवीदाराच्या १,५०० रुपयांना हमी मिळाली. सहकारी बँकांसाठी १९६८च्या दुरुस्तीने दार उघडले. महाराष्ट्रात गावोगावच्या नागरी सहकारी बँकांत ज्यांच्या ठेवी आहेत त्यांना या दुरुस्तीचे मोल वेगळे सांगायला नको. १९९३मध्ये मर्यादा एक लाख झाली आणि त्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षे तिथेच अडकून राहिली. सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला एक हजार रुपयेच काढण्याची मुभा मिळाली. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा जी माणसे जमली, त्यांच्यात आणि १९३०च्या ब्राँक्समधल्या गर्दीत मला तरी फरक दिसत नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये मर्यादा पाच लाख झाली.

रकमेइतकाच प्रश्न वेळेचा असतो. अमेरिकेत विमा महामंडळ बँक शुक्रवारी ताब्यात घेते आणि हमीतली रक्कम बहुधा सोमवारी ठेवीदाराच्या हाताशी असते. आपल्याकडे बँकेचा परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे, आणि निर्बंधांखालची बँक वर्षानुवर्षे त्या अधांतरी अवस्थेत राहू शके. २०२१च्या दुरुस्तीने ही मुदत निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांवर आणली. ज्याच्या घरी दवाखान्याचे बिल भरायचे आहे किंवा मुलीची फी थकली आहे, त्याला ९० दिवसही फार असतात. पुढची दुरुस्ती व्हायला हवी ती इथे.